पुढचा ओटा आणि मागची चूल

आपल्या अंकांतून पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, कधी एखाद्या कीर्तनाच्या कार्यक्रमावरही कोणी लिहिते. स्वयंपाकघराचे परीक्षण मात्र आजवर आमच्या वाचनात आलेले नाही. ते का असू नये, हे आम्हाला कळत नाही. पडेल नाटक तीन तासांत संपते आणि प्रेक्षक घरी जातात. ओटा एकदा बांधला की घरातली बाई त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षे उभी राहते, आणि तो चुकला असेल तर तिकिटाचे पैसे परत मागायचीही सोय नसते.

तेव्हा सिंगापूरला आमच्या चुलतभावाच्या घरी जे नवे स्वयंपाकघर झाले आहे, त्याविषयी लिहितो. ज्यांनी ते आखले त्यांचे नाव येथे देत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. जुन्या घरांची स्वयंपाकघरे आज तिकडे मोडून नवी होतात ती बरीचशी याच नमुन्याने. शिवाय लोद, अश्दोद, बेर-शेवा येथे आपल्या लोकांनीही आता शिपुत्सिम काढले आहेत. भिंत पाडून स्वयंपाकघर दिवाणखान्यात आणायचे, ही हौस आपल्याकडेही आली आहे. वाचकांपैकी ज्यांचा सुतार अजून यायचा आहे, त्यांना या लिहिण्याचा थोडा उपयोग होईल.

भाऊ १९७४ साली नोकरीनिमित्त मुंबईहून तिकडे गेले, तेथेच नागरिक झाले आणि पुढे सेरांगून गार्डन नावाच्या वसाहतीत त्यांनी एक जुने घर घेतले. ही वसाहत १९५० च्या दशकातली. शहरापासून दूर, लहान टेकाडांवर, रस्त्यांना इंग्लंडमधली नावे. ब्रिटिश सैन्यातली पुष्कळ कुटुंबे तेथे राहत असत. ती गेली, नावे राहिली. घरे एकाला एक लागून, दुमजली, पुढे चिमूटभर बाग, मागे चिमूटभर अंगण.

आम्ही १९९१ साली प्रथम तेथे गेलो तेव्हाचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. घराच्या अगदी मागे, लाल सिमेंटच्या जमिनीचे. अंगणाकडची भिंत अर्ध्यावरून सिमेंटच्या नक्षीदार जाळीच्या ठोकळ्यांची होती. त्यातून वारा यायचा, धूर जायचा, आणि सकाळी नऊच्या सुमारास ओट्यावर उन्हाची नक्षी पडायची. ओटा बुटका, वहिनी उंच, म्हणून त्या कायम वाकलेल्या. अंगणात उतरायला तीन पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांजवळ वहिनींचा पाटा-वरवंटा. तो त्यांनी मुंबईहून मद्रासला रेल्वेने आणि तेथून बोटीने नेला होता. बोटीवरच्या हमालाने म्हणे विचारले, "यात सोने आहे काय?" वहिनी म्हणाल्या, "आहे समज, पण पाडू नकोस."

त्या पायऱ्यांवर सगळे बसत. वाल सोलायला भाचीला बसवले जाई, वर्तमानपत्र घेऊन भाऊ बसत, आम्ही काहीच न करता बसत असू. बिरड्याचे वाल सोलणे हे एकट्याचे काम नव्हेच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तेथे तीन आठवडे राहिलो. स्वयंपाकघर ओळखू आले नाही. जेवणाची खोली आणि जुने स्वयंपाकघर यांमधली भिंत गेली आहे. तेथे आता मधोमध, चारी बाजूंनी मोकळा असा पांढऱ्या कृत्रिम दगडाचा लांबलचक ओटा आहे. त्याला तिकडे आयलंड म्हणतात. त्यात विजेची सपाट शेगडी, बाजूला भट्टी, कॉफीचे यंत्र, उंच स्टुले. एवढ्या भागाचे नाव ड्राय किचन, म्हणजे कोरडे स्वयंपाकघर. त्याच्या पाठीमागे काचेचे सरकते दार. दारापलीकडे, पूर्वीच्या अंगणावर छप्पर घालून केलेली जेमतेम सहा फूट रुंदीची पट्टी, ते वेट किचन, ओले स्वयंपाकघर. तेथे गॅस, मोठे सिंक, धूर ओढणारे यंत्र आणि कपडे धुण्याचे यंत्र.

आधी जे चांगले झाले आहे ते मोकळेपणाने सांगतो. ओट्यांची उंची आता वहिनींच्या कमरेच्या मापाची आहे. त्यासाठी कंत्राटदाराने त्यांना उभे करून कोपरापर्यंत टेप लावला, हे आम्हाला फार आवडले. १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी जे छोटेसे स्वयंपाकघर आखले, त्यात हाच विचार होता: बाईची पावले मोजा, हात कुठवर पोचतो ते मोजा, मग फळी ठोका. आज जगभर जी बांधीव स्वयंपाकघरे दिसतात त्यांची ती आजी म्हणायला हरकत नाही. कपाटाच्या तळाशी डोके घालून डबा शोधण्याचे दिवस गेले; ड्रॉवर ओढला की सगळे पुढे येते. मागच्या पट्टीतली कपाटे लाकडाची न करता ॲल्युमिनियमची केली, हेही शहाणपणाचे. त्या दमट हवेत प्लायवुड फुगते आणि उरलेले वाळवी खाते. वायरी नव्या, फरशी न घसरणारी. सत्तरीच्या बाईला यापेक्षा मोठी देणगी काय?

आता तक्रार.

तीन आठवड्यांत पुढच्या ओट्यावर काय काय झाले ते आम्ही मोजले. चहा, कॉफी, टोस्ट, आणि एकदा नातीने केलेला केक. बाकी सगळे, म्हणजे फोडणी, तळण, मासळी, शुक्रवारचे मटण, भात, डाळ, भांडी, हे काचेच्या पलीकडे. जाहिरातीच्या पुस्तिकेत लिहिले होते की स्वयंपाकघर आता घराच्या मध्यभागी येत आहे. आमच्या मते मध्यभागी आला तो ओटा. स्वयंपाक होता तेथून आणखी सहा फूट मागे गेला.

असे का होते ते समजण्यासारखे आहे. त्या देशात घरोघर बेलाचान परतले जाते; सुकटीहूनही उग्र असा तो कोळंबीचा खारवलेला लगदा. आपल्या घरी तो येत नाही, पण आपला लसूण आणि तळलेला सरंगा काही अत्तर नव्हेत. वास सोफ्यात बसू नये म्हणून काच. पण काच लावली तर मागे वारा हवा, आणि तोच या आखणीने घालवला. जाळीचे ठोकळे फोडले, अंगणावर प्लास्टिकचे पारदर्शक छप्पर आले. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरचा देश, बारा महिने दुपारचा पारा ३१-३२ वर. त्यात ते छप्पर म्हणजे पापड वाळवायची सोय. पुढे वातानुकूलन आहे. ज्या बाजूला विस्तव, त्या बाजूला नाही.

"भाऊजी, तुम्ही पुढेच बसा, मागे फार उकडतं," वहिनी रोज म्हणत. आम्ही पुढे बसत असू. यातच सगळे आले.

भावाशी यावर वाद झाला. त्यांचे म्हणणे, स्वयंपाकघर पूर्वीपासून मागेच असायचे, आपण नवे काय केले? ते दाखवायला त्यांनी आम्हाला एक दिवस जू चियातला नेले. हा शहराच्या पूर्वेचा जुना भाग. च्यू जू चियात (१८५७–१९२६) या चिनी जमीनदाराच्या नावाचा. येथे आणि शेजारच्या कातोंगमध्ये एके काळी नारळाच्या वाड्या होत्या आणि समुद्र घरांच्या अंगणापर्यंत यायचा. १९६६ पासून भराव घालत गेले तेव्हा तो दूर सरला. आम्हाला तेथे उभे राहून नवगाव आणि अलिबाग आठवले, हे सांगायला नकोच.

कून सेंग रस्त्यावरच्या त्या १९२० च्या दशकातल्या घरांची रांग खरोखर देखणी आहे. गुलाबी, हिरव्या, निळ्या भिंती, फुलांच्या फरशा, कमरेइतके कोरीव अर्धे दार. ही पेरानाकन लोकांची घरे. चिनी वंशाचे, पण मलय भाषा आणि मलय मसाले आपलेसे केलेले लोक. कोकणात राहून मराठी झालेल्या आपल्याला हे निराळे समजावून द्यायला नको. त्यांच्याही घरी पाटा असे, त्याला बातू गिलिंग म्हणतात. उखळी निराळी. मुलीची सोयरीक पाहायला आलेल्या बाया बाहेर बसून आत मसाला कुटण्याचा आवाज ऐकत आणि त्यावरून मुलगी कशी ते ठरवत, असे तिकडे सांगतात. माप म्हणून काही नाही; सगळे आगाक-आगाक, म्हणजे अंदाजाने. आपल्या आजीचा शब्द आणि त्यांच्या आजीचा शब्द एकच.

भावाचे म्हणणे अर्धे खरे होते. त्या घरांत स्वयंपाकघर शेवटीच असे. पुढे पाहुण्यांची बैठक, मग देव-पूर्वजांची खोली, मग वरून उघडा चौक, आणि त्याच्या मागे चूल. आग लागली तर मागच्या मागे विझावी, धूर मागे जावा. मैल्याची बादली न्यायला माणूस मागल्या गल्लीतून येई. ती पद्धत सिंगापुरात १९८७ साली बंद झाली. म्हणजे मागची बाजू मानाची नव्हे. पण ती प्रशस्त असे आणि घरची म्हातारी तेथेच राज्य करी. पुढच्या बैठकीत तिचा फोटो असेल, हुकूम मागून सुटत.

आता या घरांचे जतन कसे होते पाहा. सिंगापूर सरकारने १९८९ साली पहिले भाग जतनासाठी जाहीर केले आणि आजवर ७,००० हून अधिक इमारती राखल्या. लहानशा देशाला हे भूषणावह आहे. चायनाटाउन, लिटल इंडिया अशा ऐतिहासिक भागांत सगळी इमारत राखावी लागते. जू चियातसारख्या भागांत मात्र मुख्य घर राखले की मागे नवी इमारत जोडता येते. कारण उघड आहे: लोकांना तेथे राहायचे आहे, नुसते फोटो काढून घ्यायचे नाहीत. परंतु मागे म्हणजे काय? मागे चूल. दर्शनी फुलांची एक फरशी निघाली तर तशीच शोधून बसवावी लागते; जेथे चार पिढ्यांचा स्वयंपाक झाला तो भाग पाडून तेथे काचेचे घर उभे राहू शकते. बातू गिलिंग मग संग्रहालयात पाहायला मिळतो, दोरीच्या पलीकडे. नियम करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. कोणत्याही शहराला स्वतःचा चेहरा आधी आठवतो.

तेव्हा भावाला आम्ही एवढेच म्हणालो, की पूर्वी चूल मागे होती तरी माणसे तिच्याभोवती बसत. तुमच्या घरी चूल मागे गेली आणि माणसे पुढे बसवली.

माणसे म्हणताना आणखी एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. वहिनींच्या हाताखाली जावातील एक बाई आहे. पूर्वी सिंगापुरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांत पांढऱ्या सदऱ्याच्या, काळ्या विजारीच्या चिनी दाया असत. १९७८ पासून परदेशातून घरकामाला बायका आणण्याची योजना सुरू झाली आणि आज अशा अडीच लाखांहून अधिक बायका तेथे आहेत. त्यांना आठवड्याची सुटी मिळावी हा कायदा २०१३ साली आला. ओल्या आणि कोरड्या स्वयंपाकघराचा हा नमुना त्या बायकांच्या भरवशावर उभा आहे, असे आम्हाला स्पष्ट दिसते. घाम येणारे काम कोणीतरी मागे करणार आहे हे गृहीत धरले, की पुढचा ओटा असा पांढराशुभ्र ठेवता येतो. फ्रँकफुर्टच्या त्या बाईंनी निदान जी स्वयंपाक करणार तिच्यासाठी स्वयंपाकघर आखले होते. येथे जी करत नाही तिच्यासाठी एक आणि जी करते तिच्यासाठी उरलेल्या जागेत दुसरे. वहिनी स्वतः स्वयंपाक सोडणाऱ्यांतल्या नव्हेत, म्हणून त्याही मागच्या पट्टीत गेल्या. दोघी मोडक्या मलयमध्ये बोलतात आणि दोघींचे छान जमते.

पाट्याची गोष्ट याच बाईमुळे कळली. मोडतोड चालू असताना पाटा राडारोड्याच्या ढिगात गेला होता. तिने तो ओळखला. जावात बसका दगडी खल असतो, त्याला चोबेक म्हणतात. दगडाची किंमत तिला ठाऊक. तिने तो ओढून काढून धुतला. पण ठेवायचा कुठे? पाटा बसून वाटायचा असतो आणि सहा फुटांत बसायला जमीन उरलेली नाही. पांढऱ्या ओट्यावर ठेवू देईनात, दगड तडकेल म्हणून. आता तो मागच्या सिंकखाली उभा आहे आणि खोबऱ्याचे वाटण यंत्रात होते. खोबरे मात्र गेलांग सराईच्या बाजारातून ताजे खवलेले येते. एवढी आखणी करणाऱ्यांनी दोन फूट जमीन सोडली असती तर काय बिघडले असते?

एक गोष्ट मात्र आम्हाला उलट्या बाजूने मान्य करावी लागते, आणि आपल्या वाचकांना ती गंमतीची वाटेल. वहिनींनी आखणी करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितले होते, की मला दोन सिंक हवेत. दुधाचे वेगळे, मांसाचे वेगळे, हे त्यांनी समजावूनही सांगितले. तो तरुण आदराने मान हलवून गेला आणि त्याने एक सिंक पुढे दिले, एक मागे. त्याला वाटले, हेच तर कोरडे आणि ओले. वहिनी प्रथम रागावल्या. मग त्यांच्या ध्यानात आले की पुढे चहा, लोणी, चीज. मागे मटण आणि नारळाचे दूध, जे नावाला दूध असूनही त्या हिशेबात धरले जात नाही. आता पुढची भांडी मागे जात नाहीत आणि मागची पुढे येत नाहीत. मुंबईच्या एका खोलीच्या संसारात दोन फळ्यांवर जे डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागे, ते येथे एका काचेच्या दाराने झाले. वॉटरलू स्ट्रीटवरच्या १८७८ च्या सिनेगॉगशेजारच्या दुकानातून कोशेर मांस आणायचे आणि सरळ मागे न्यायचे.

म्हणजे आखणी आपल्या घराला लागू पडली, पण चुकून. हे लिहिताना आमची टीका थोडी लंगडी पडते याची जाणीव आहे. तरीही आम्ही ती मागे घेत नाही. भांडी वेगळी ठेवायची म्हणून माणसे वेगळी बसवावीत असे आपल्या घरात कोणी कधी म्हटले नव्हते. वाड्यात असो वा भायखळ्याच्या चाळीत, दुधाच्या फळीखाली आणि मांसाच्या फळीखाली तीच पोरे लुडबुडत असत.

नात चौदा वर्षांची आहे. ती पुढच्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून अभ्यास करते, काचेकडे पाठ करून. आम्ही तिला विचारले, बिरडे कसे करतात? म्हणाली, आजी करते, हिरवे असते, छान लागते. वाल आधी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलतात, हे तिने कधी पाहिलेलेच नाही. ते सगळे काचेपलीकडे, तिच्या पाठीमागे होते. तिची आई, आमची भाची, मात्र आजही डोळे मिटून सोलून देईल. तिला कोणी शिकवले नव्हते. ती पायरीवर बसली होती, इतकेच. ती पायरी आता नाही; जमीन सपाट केली, आणि सत्तरीच्या बाईसाठी ते बरेच झाले. तिच्या जागी एखादे बाक मागे बसले असते, तर आम्ही हे परीक्षण बहुधा लिहिले नसते.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी आम्ही हट्टाने मागे जाऊन बसलो, कपडे धुण्याच्या यंत्रावर. जावाची बाई हसली. नात काय झाले म्हणून पाहायला आली आणि दारात उभी राहिली. वहिनींनी तिच्या हातात वालांचे भांडे दिले. दार उघडे, मटणाचा वास पुढे, पुढचे वातानुकूलन मागे. पाच मिनिटांत भाऊ आले.

"अहो, दार लावा, सगळा वास सोफ्याला लागतोय."

"दारच काढून टाका," वहिनी म्हणाल्या.

"आणि सोफा?"

"सोफा माडीवर न्या. त्याला कुठे स्वयंपाक शिकायचाय?"

आम्ही निघालो त्या सकाळी सुतार येऊन दाराचे माप घेऊन गेला. दार काढायला, की त्याला नुसती जाळी बसवायला, हे भावाने अजून कळवलेले नाही.